युरिक ॲसिड आणि जीवनसत्त्वे : रक्ततपासणीचे आकडे कसे वाचावेत

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने, कधी कचेरीच्या नियमामुळे तर कधी मुलांच्या आग्रहामुळे, रक्ताची सर्वांगीण तपासणी करून घ्यावी, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेकडून बारा-पंधरा पानांचा अहवाल यावा, आणि त्यातील जे दोन-तीन आकडे ठळक ठशात छापलेले असतील त्यांवरच सर्व कुटुंबाची दृष्टी खिळून राहावी, हा प्रकार आता शहरांप्रमाणे तालुक्याच्या गावीही नित्याचा झाला आहे. या ठळक आकड्यांचा एक ठरावीक मेळ वारंवार आढळतो : ‘ड’ जीवनसत्त्व १४, ‘ब-१२’ १७०, आणि दोन पाने पुढे युरिक ॲसिड ७.६. मग एखादा जाणता आप्त, किंवा औषधाच्या दुकानातील अनुभवी मदतनीस, या तिन्ही आकड्यांची सांगड घालून देतो. जीवनसत्त्वे उणी पडली म्हणून युरिक ॲसिड चढले, तेव्हा उणीव भरून निघाली की चढलेले आपोआप उतरेल, असा निवाडा होतो आणि घरात गोळ्यांच्या तीन बाटल्या येतात. हा निवाडा सर्वस्वी खोटा असता तर काम सोपे होते. रक्तातील जीवनसत्त्वे आणि युरिक ॲसिड यांचा संबंध खरोखरच आहे. परंतु तो जीवनसत्त्वागणिक निराळा आहे, कोठे किंचित उपकारक, कोठे उघड अपायकारक, आणि बहुतेक ठिकाणी तर दोन्ही आकडे तिसऱ्याच एखाद्या कारणाने हललेले असतात. ते तिसरे कारण कोठे शोधावे, कोणत्या जीवनसत्त्वाचा किती भरवसा धरावा, आणि तपासणी करवून घेताना कोणती खबरदारी घ्यावी, हे सामान्य वाचकाला उमगावे एवढ्याच हेतूने पुढील विवेचन केले आहे.

प्रथम युरिक ॲसिडचा उगम पाहू. शरीरातील प्रत्येक पेशीत जी न्यूक्लिइक आम्ले असतात त्यांच्या घडणीत प्युरिन नावाचे घटक असतात; पेशी जीर्ण होऊन मोडतात तेव्हा, आणि आपण खाल्लेल्या मांस-मासळी-धान्यातील पेशी पचतात तेव्हाही, या प्युरिनांचे अखेरचे अवशिष्ट रूप म्हणजे युरिक ॲसिड. रक्तातील युरिक ॲसिडपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग शरीराच्या स्वतःच्या व्यवहारातून निर्माण होतो आणि आहारातून येणारा भाग एक तृतीयांशाच्या आसपास असतो, ही गोष्ट पथ्याचा अतिरेक करणाऱ्यांनी विशेषेकरून ध्यानात ठेवावी. बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडांकडे आणि उरलेले आतड्यांकडे असते. मूत्रपिंडांची रीत मात्र मोठी कंजूष आहे. गाळून काढलेल्या युरिक ॲसिडपैकी सुमारे नव्वद टक्के भाग ती पुन्हा रक्तात परत घेतात. त्यामुळे आकडा चढलेल्या बहुसंख्य माणसांत दोष अधिक निर्मितीचा नसून अपुऱ्या उत्सर्जनाचा असतो. रक्तात हा पदार्थ शरीराच्या तपमानाला दर डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंतच विरघळून राहू शकतो; त्यापुढे त्याचे क्षार सुईसारख्या स्फटिकांच्या रूपाने सांध्यांत साचण्याचा संभव उत्पन्न होतो, आणि पायाच्या अंगठ्याचे मूळ मध्यरात्री लालबुंद सुजून पांघरुणाचा स्पर्शही असह्य व्हावा, अशी ती गाउटची सुप्रसिद्ध व्यथा ओढवते. स्त्रियांत इस्ट्रोजेनमुळे उत्सर्जन बरे होते, म्हणून त्यांचा आकडा रजोनिवृत्तीपर्यंत पुरुषांपेक्षा कमी राहतो आणि नंतर हळूहळू चढतो; पन्नाशीनंतर आकडा वाढलेल्या बाईने आपल्या स्वयंपाकाला दोष देण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

या पदार्थाचा इतिहासही थोडक्यात सांगण्याजोगा आहे. स्वीडनमधील शील या औषधनिर्मात्याने १७७६ साली मूत्राशयातील खड्यांतून तो प्रथम वेगळा काढला. आणि १८४८ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड या वैद्याने गाउटच्या रोग्यांच्या रक्तात तो अधिक असतो हे दाखवून दिले. गॅरॉडने पुढे बसवलेली परीक्षा आजच्या यंत्रयुगात पाहण्यासारखी वाटते. रोग्याच्या रक्तातील निवळ द्रव एका चपट्या काचेच्या बशीत घ्यायचा, त्यात ॲसेटिक ॲसिडचे काही थेंब टाकायचे, लिननच्या कापडातून ओढून काढलेले एक-दोन तंतू त्यात बुडवून ठेवायचे आणि बशी खोलीतील फळीवर एक-दोन दिवस न हलवता राहू द्यायची. रक्तात युरिक ॲसिड जास्त असेल तर त्या तंतूवर बारीक स्फटिकांची रांग धरलेली दिसे. आज यंत्र अर्ध्या तासात दशांशापर्यंतचा आकडा देते. गॅरॉडला दशांश ठाऊक होत नव्हता, पण स्फटिक डोळ्यांनी दिसत होता, आणि रोग स्फटिकाने होतो, नुसत्या आकड्याने होत नाही, हे त्यामुळे विसरले जात नसावे असे मला पुष्कळदा वाटते.

आता जीवनसत्त्वांकडे वळू. त्यांत ‘क’ जीवनसत्त्वाचा मामला सर्वांत मनोरंजक आणि पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत भरीव आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिकेज नावाचे विकर असते. ते युरिक ॲसिडचे आणखी विघटन करून त्याला सहज विरघळणारे रूप देते. मनुष्य आणि मोठे वानर यांच्या वंशात हे विकर उत्क्रांतीच्या ओघात नष्ट झाले. त्याही पूर्वी याच वंशात ‘क’ जीवनसत्त्व शरीरातच तयार करण्याची शक्ती नष्ट झाली होती. दोन्ही पदार्थ रक्तात ऑक्सिडीकरणाला प्रतिबंध करतात. तेव्हा एकाची उणीव दुसऱ्याने अंशतः भरून काढली असावी, अशी कल्पना पीटर प्रॉक्टर याने १९७० साली मांडली आणि १९८१ साली ब्रूस एम्स व त्याच्या सहकाऱ्यांनी युरिक ॲसिडच्या या रक्षक गुणाचा सविस्तर पुरस्कार केला. ही कल्पनाच आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु ज्याला आपण निव्वळ कचरा समजून उखडून टाकू पाहतो त्या पदार्थालाही शरीरात काही कामगिरी असू शकते, एवढा विवेक तिच्यापासून घेण्यास हरकत नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, ‘क’ जीवनसत्त्व मूत्रपिंडांनी युरिक ॲसिड रक्तात परत घेण्याला थोडा अडथळा करते आणि उत्सर्जन वाढवते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धूम्रपान न करणाऱ्या १८४ प्रौढांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दोन महिने देण्यात आले, तेव्हा त्यांचे युरिक ॲसिड सरासरीने ०.५ मिलिग्रॅमने उतरले. पुढे २०११ साली अशा तेरा प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तीत ही उतरण सरासरी ०.३५ निघाली. दरम्यान २००९ साली, सत्तेचाळीस हजारांच्या आसपास अमेरिकन पुरुषांचा वीस वर्षे पाठपुरावा करून जी पाहणी प्रसिद्ध झाली तिच्यात, ज्यांच्या पोटात ‘क’ जीवनसत्त्व अधिक जात होते त्यांना गाउट कमी झाल्याचे दिसले. इतके वाचून कोणीही गोळ्या सुरू करील. पण ज्यांना गाउट आधीच झालेला आहे अशा रोग्यांना न्यूझीलंडमध्ये आठ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा २०१३ च्या त्या प्रयोगात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. आणि अमेरिकेतील संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० च्या मार्गदर्शनात गाउटच्या रोग्यांना या कारणासाठी ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ नयेत, अशीच सशर्त शिफारस केली. ७.६ मधून ०.३५ वजा केले तर ७.२५ उरतात. गाउटमुळे ज्याला ६ च्या खाली जायचे आहे त्याचे यात भागत नाही, आणि ज्याला काहीच लक्षण नाही त्याला याची गरज नाही.

याचा अर्थ ‘क’ जीवनसत्त्वाकडे दुर्लक्ष करावे असा कोणी घेऊ नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरवून दिलेली दैनिक मात्रा प्रौढ पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम आहे. ती पुरी करण्यास एक मध्यम पेरू पुरेसा आहे, कारण शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर आणि आवळ्यात, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांप्रमाणे, अडीचशेच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व असते. रोज दोनशे मिलिग्रॅमच्या पुढे पोटात गेलेल्या मात्रेने रक्तातील पातळी फारशी चढत नाही. जास्तीचा पुष्कळसा भाग मूत्रावाटे निघून जातो. जाताना त्याचा काही अंश ऑक्झॅलेट होऊन जातो, आणि म्हणूनच ज्यांना मूतखड्याची खोड आहे त्यांनी रोज हजार मिलिग्रॅमची फसफसणारी गोळी पाण्यात टाकून पिणे शहाणपणाचे नाही. युरिक ॲसिडच्या भीतीने ऑक्झॅलेटचा खडा पदरात पाडून घेणे म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडणे होय. लिंबू भातावर पिळावे, कोशिंबिरीत पिळावे, पण वरण चुलीवर उकळत असताना पिळू नये. उष्णतेने हे जीवनसत्त्व नाश पावते. मोरावळा रुचकर खरा, पण त्यातील साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिड वाढवते. तेव्हा या कामी कच्चा आवळा किंवा मीठ लावून वाळवलेली आवळकाठी श्रेयस्कर.

‘ड’ जीवनसत्त्वाची कैफियत निराळी आहे. अनेक देशांतील पाहण्यांत ‘ड’ ची पातळी कमी असलेल्यांत युरिक ॲसिड अधिक आढळते, हे खरे. परंतु स्थूल माणसात ‘ड’ जीवनसत्त्व मेदात विखुरले गेल्याने रक्तात कमी दिसते, आणि स्थूलतेनेच इन्शुलिनची पातळी वाढून मूत्रपिंडे युरिक ॲसिड अडवून धरतात. म्हणजे पोटाचा घेर हा दोन्ही आकड्यांचा समान जनक झाला. मूत्रपिंडे थकली तरी दोन्ही आकडे बिघडतात. शिवाय ‘ड’ फार उणे झाले की कॅल्शियम सांभाळण्यासाठी पॅराथायरॉइड ग्रंथींचा स्राव वाढतो, आणि हा स्राव युरिक ॲसिडचे उत्सर्जन घटवतो. हा एक मार्ग असा आहे की ज्यात ‘ड’ ची उणीव खरोखर कारण ठरू शकते. उलट दिशेचाही मार्ग आहे. युरिक ॲसिड चढले असता मूत्रपिंडांत ‘ड’ चे कार्यक्षम रूप बनण्यात व्यत्यय येतो. गाउटच्या रोग्यांना युरिक ॲसिड उतरवणारी औषधे दिल्यावर हे कार्यक्षम रूप वाढल्याचे जपानमधील वैद्यांनी नोंदवले आहे. कारण कोणते आणि कार्य कोणते याचा उलगडा अशा स्थितीत एका कागदावरून व्हायचा नाही, आणि ‘ड’ च्या गोळ्या देऊन युरिक ॲसिड उतरवू पाहणाऱ्या प्रयोगांचे निकालही एकमेकांशी जुळत नाहीत.

म्हणून येथे नियम सरळ ठेवावा. ‘ड’ च्या, तपासणीत मोजल्या जाणाऱ्या, २५-हायड्रॉक्सी रूपाची पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ती उणीव हाडांसाठी आणि स्नायूंसाठी भरून काढावी. युरिक ॲसिडचा विचार त्यात आणू नये. आपल्याकडे ६०,००० एककांची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, अशी पद्धत रूढ आहे आणि वैद्याने सांगितली असता ती योग्यच आहे. पण आठ आठवडे उलटल्यावर दुकानदाराकडून तीच पुडी मागवून वर्षानुवर्षे दर रविवारी दुधातून घेणारी, किंवा आठवड्याची पुडी रोजची समजून घेणारी माणसे आढळतात, आणि त्यांच्या रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडांनाच इजा होते. मूत्रपिंडांना इजा झाली की युरिक ॲसिड चढणारच. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : इंग्लंड वा ऑस्ट्रेलियातील अहवालांत एकके बहुधा निराळी असतात. तेथला ‘ड’ चा ५० हा आकडा आपल्याकडचा २० होय, आणि युरिक ॲसिडचा ३६० हा आपल्याकडचा ६. गावाकडच्या आई-वडिलांशी दूरध्वनीवर आकडे ताडून पाहताना यावरून उगीच घबराट उडते.

‘ब-१२’ आणि फोलेट यांचा विचार करताना मुंबईची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. १९२८ च्या सुमारास लूसी विल्स ही इंग्रज वैद्या मुंबईस आली आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या एका विशिष्ट पांडुरोगाचा शोध घेऊ लागली. यीस्टच्या अर्कापासून बनवलेला मार्माइट नावाचा साधा, स्वस्त पदार्थ दिल्याने तो बरा होतो असे तिला आढळले, आणि १९३१ साली तिने ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फोलिक ॲसिड ठरले. त्याच्या निर्मितीत अमेरिकेतील आपले आंध्रदेशीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगड सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. आता गंमत अशी की, यीस्टचा हाच अर्क प्युरिनांनी भरलेला असतो, आणि गाउटच्या रोग्यांना जे पदार्थ टाळावयास सांगतात त्यांत त्याचा समावेश होतो. जो पदार्थ एका आकड्याला तारक तोच दुसऱ्याला मारक, याचा इतका बोलका दाखला मला दुसरा ठाऊक नाही. कलेजीचेही तसेच. ‘ब-१२’ ची उणीव निघाली की मांसाहारी घरात पहिला सल्ला कलेजीचा निघतो. तिच्यात ‘ब-१२’ आणि ‘अ’ दोन्ही विपुल आहेत, पण प्युरिनेही तितकीच आहेत. ज्याचे युरिक ॲसिड चढलेले आहे त्याने ‘ब-१२’ साठी दूध, दही, अंडी किंवा सरळ गोळी अथवा इंजेक्शन यांचा आश्रय करावा.

फोलेटच्या बाबतीत अमेरिकेतील लोकसर्वेक्षणांत, रक्तातील पातळी ज्यांची चांगली त्यांच्यात युरिक ॲसिडचे आधिक्य कमी, असा कल दिसतो. पण फोलेट चांगले असणारी माणसे पालेभाज्या आणि कडधान्ये अधिक खाणारी असतात, आणि अशा माणसांचे बाकीचे आहारवर्तनही बहुधा चांगले असते. फोलिक ॲसिडच्या प्रचंड मात्रा देऊन युरिक ॲसिड उतरवण्याचे प्रयत्न पूर्वी झाले, ते फसले. ‘ब-१२’ विषयी एक गोष्ट मात्र प्रत्येक रोग्याला आधीच सांगून ठेवायला हवी, ती बहुधा सांगितली जात नाही. उणीव तीव्र असून तिने पांडुरोग झालेला असेल, आणि इंजेक्शने सुरू केली, तर मज्जेत खोळंबलेली रक्तपेशींची निर्मिती एकदम जोराने सुरू होते. त्या धांदलीत प्युरिनांची उलाढाल वाढून पहिल्या एक-दोन आठवड्यांत युरिक ॲसिड चढू शकते, आणि ज्याच्या सांध्यांत स्फटिक आधीच दबा धरून आहेत त्याला गाउटचा झटकाही येऊ शकतो. म्हणून इंजेक्शन सोसत नाही असे ठरवून उपचार सोडू नये, वैद्याला कळवावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी पँटोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ‘ब-१२’ उतरते, आणि नेमकी हीच मंडळी वयाने, वजनाने व रक्तदाबाच्या औषधांमुळे युरिक ॲसिडच्याही कक्षेत आलेली असतात. दोन आकडे एकाच कागदावर बिघडलेले दिसतात ते पुष्कळदा एवढ्याचसाठी.

बाकीच्या जीवनसत्त्वांचा समाचार थोडक्यात घेता येईल. नायसिन म्हणजे ‘ब-३’ हे कोलेस्टेरॉलसाठी ग्रॅमच्या मात्रेत दिले असता युरिक ॲसिड निःसंशय वाढवते. साध्या बहुजीवनसत्त्व गोळीतील दहा-वीस मिलिग्रॅमने असे काही होत नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाचे रेटिनॉल रूप रक्तात जितके अधिक तितके युरिक ॲसिड अधिक असे दिसते, आणि गाजर-भोपळ्यातील बीटा-कॅरोटिनच्या बाबतीत नेमके उलट. पैकी रेटिनॉलचे वाहक प्रथिन मूत्रपिंडे मंदावली की रक्तात साठते, हे त्यातले एक कारण. म्हणजे फिरून गाडी मूत्रपिंडांपाशीच येते.

यावरून पहिली व्यावहारिक सूचना निघते. युरिक ॲसिडचा आकडा कधीही एकटा वाचू नये. त्याच कागदावर क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेली मूत्रपिंडांची गाळणक्षमता छापलेली असते, ती आधी पाहावी. नंतर औषधांची यादी करावी. रक्तदाबाच्या ज्या जोडगोळीच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर असते तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड हे मूत्रल असते आणि ते युरिक ॲसिड चढवते. हृदयासाठी घेतली जाणारी अल्पमात्रेची ॲस्पिरिन चढवते. क्षयरोगावरील पायराझिनामाइड तर इतके चढवते की त्या उपचाराच्या काळात आकडा पाहून कोणी दचकू नये. यांपैकी कोणतीही गोळी आपल्या बुद्धीने बंद करण्याचा अधिकार मात्र रोग्याला नाही. ॲस्पिरिन तर मुळीच नाही. रक्तदाबासाठी लोसार्टन हे औषध युरिक ॲसिड थोडे उतरवते, तेव्हा बदल शक्य आहे का एवढे वैद्याला विचारावे.

दुसरी सूचना तपासणीच्याच संबंधात आहे, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणाऱ्यांना ती विशेष लागू पडते. युरिक ॲसिड मोजण्याच्या प्रचलित रासायनिक पद्धतीत अखेरीस एक रंग तयार होतो आणि त्याची गडदता मोजतात. रक्तात ‘क’ जीवनसत्त्व फार असेल तर ते या रंगाच्या निर्मितीत अडथळा करते आणि आकडा खोटाच कमी दिसतो. केसांसाठी म्हणून मोठ्या मात्रेत विकले जाणारे बायोटिन ‘ड’, ‘ब-१२’ आणि थायरॉइड यांच्या तपासण्यांत अशीच गफलत करू शकते. तेव्हा अशा गोळ्या रक्त देण्यापूर्वी दोन-तीन दिवस, वैद्याच्या संमतीने, थांबवाव्यात आणि प्रयोगशाळेच्या नोंदीतही लिहून द्याव्यात. दीर्घ उपवासानंतर लगेच रक्त देऊ नये. निराहार राहिल्याने रक्तात कीटोन वाढतात, ते मूत्रपिंडांत युरिक ॲसिडची वाट अडवतात आणि आकडा फुगतो. नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढून दसऱ्याला तपासणी करवणाऱ्याला जो धक्का बसतो तो बहुधा पंधरवड्यात ओसरतो. याच्या उलट, गाउटचा झटका भरात असताना युरिक ॲसिड कधी कधी साधारण मर्यादेत दिसते. तेवढ्यावरून गाउट नाही असे ठरवू नये, झटका शमल्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावे.

आहाराविषयी लोकांत जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच दुसऱ्या विषयात असतील. युरिक ॲसिड वाढले म्हणताच घरातून पहिल्यांदा तूरडाळ, मग पालक, टोमॅटो आणि दही हद्दपार होतात. वास्तविक २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, बारा वर्षे चाललेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत मांस आणि सागरी मासळी यांनी गाउट वाढल्याचे दिसले, प्युरिनयुक्त भाज्यांनी तसे घडल्याचे दिसले नाही, आणि दूध-दह्याने, विशेषतः साय काढलेल्या, उलट संरक्षण मिळाल्याचे दिसले. म्हणजे आपण जे टाकतो ते निरुपद्रवी आणि जे टाकतो त्यातले दही तर उपकारक. शाकाहारी घरात डाळ आणि दही एकदम बंद झाले की प्रथिने, फोलेट आणि ‘ब-१२’ या तिन्हींचा दुष्काळ पडतो. पुढच्या वर्षीच्या अहवालात ‘ब-१२’ आणखी उतरलेले दिसते आणि युरिक ॲसिड जागच्या जागी असते. कोकणात आणि गोव्यात प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण बांगडा, तारली, सोडे, जवळा हे सगळे प्युरिनांच्या वरच्या पायरीवरचे पदार्थ, आणि तिथल्या माणसाला मासळी सोड म्हणणे म्हणजे घर सोड म्हणण्यासारखे. पूर्ण बंदीचा हुकूम पाळला जात नाही. मात्रा आटोक्यात ठेवणे, सुक्या मासळीचा वापर क्वचित करणे आणि कालवणाचा वाडगा भरून न पिणे, एवढी तडजोड पाळली जाते. बिअरला मात्र तडजोड नाही. गोड शीतपेयेही तिच्याच पंक्तीला बसवावीत. संध्याकाळी बिअर न पिणारा सज्जन दुपारी थंड पेयाची बाटली रिकामी करून तोच परिणाम मिळवतो. वजन उतरवावे, पण हळूहळू. झपाट्याने उतरवले तर उपवासाप्रमाणेच आकडा आधी चढतो.

आता अखेर औषधाचा प्रश्न. ज्याला सांध्याचा झटका कधी आला नाही, मूतखडा नाही, मूत्रपिंडे शाबूत आहेत, त्याचा आकडा ७.६ असला तरी त्याला सहसा औषध देत नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा मोजणे, वजन, रक्तदाब आणि साखर पाहणे, एवढा बंदोबस्त पुरतो. ज्याला झटके वारंवार येतात, किंवा कानाच्या पाळीवर, कोपरावर स्फटिकांच्या गाठी आल्या आहेत, त्याचा आकडा ६ च्या खाली आणून कायम तेथेच ठेवावा लागतो, आणि हे काम कोणत्याही जीवनसत्त्वाचे नाही. त्यासाठी ॲलोप्युरिनॉल हे जुने, स्वस्त आणि परिणामकारक औषध उपलब्ध आहे. ते गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आले, १९६६ पासून अमेरिकेत प्रचारात आहे, आणि या दोघांना १९८८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मात्रा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी अशी सुरू करून काही आठवड्यांच्या अंतराने आकडा पाहत वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत साचलेले स्फटिक विरघळू लागले की झटके थांबण्याऐवजी क्वचित वाढतात, म्हणून तीन ते सहा महिने कॉल्चिसिनची लहान मात्रा जोडीला देण्याचा परिपाठ आहे. या काळात झटका आला म्हणून ॲलोप्युरिनॉल सोडू नये, आणि आकडा ५.५ झाला म्हणूनही सोडू नये. मात्र ते सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ उठले, तोंड आले किंवा ताप भरला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी वैद्याला गाठावे.